कानामागे बसून ऐकलेलं

त्या शुक्रवारी सकाळी आईने माझी संपलेली बॅटरी काढून नवी घातली. माझ्या बॅटरीच्या पाठीवर चिकट कागदाचा एक तुकडा असतो. तो सोलून आईने ती मिनिटभर तळहातावर ठेवली, तिला हवा लागू दिली आणि मगच माझ्या पोटात बसवली. "उद्या सहलीला जायचंय बरं का," ती मला म्हणाली. "मध्येच मान टाकू नकोस."

मित्रांनो, असं माझ्याशी बोलणारी ती एकटीच होती. मी कानाचं मशीन. काजूच्या आकाराचा, कातडीच्या रंगाचा आणि आता नऊ वर्षांचा. आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे म्हातारपण. मी कानामागे बसतो. माझ्यातून एक पारदर्शक नळी निघते आणि कानात बसवलेल्या साच्यात शिरते. बाहेरचा आवाज गोळा करायचा, मोठा करायचा आणि त्या नळीतून आत पाठवायचा, एवढंच माझं काम. ज्या बाईच्या उजव्या कानामागे मी हे काम केलं, तिला घरात एकाच नावाने हाक मारली जायची. म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे धुळीला आत यायची बंदी होती. डोक्याला टोप्या आणि डोळ्यांना भिंगं लावलेल्या मुली चिमट्याने आमचे भाग जुळवत असत. चाचणीसाठी मला पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा दाराबाहेर धावत गेलेल्या एका मुलीची शिंक मला ऐकू आली. जगाचा पहिला आवाज म्हणून ती शिंक मला अजून आठवते.

पुढे मी एका मशीनवाल्याच्या दुकानात आलो. तिथे आई आली आणि तिच्याबरोबर तिची लेक. मशीनवाल्याने आईच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा घेतला. आठवड्याने मला बसवलं आणि लेकीला म्हणाला, "आता तुम्ही काहीतरी बोला."

"आई, ऐकू येतंय का?" लेकीने सवयीने मोठ्याने विचारलं.

"हळू बोल की! केवढ्याने ओरडतेस!" आई म्हणाली, आणि तिघंही हसत सुटली.

त्या दिवशी घरी गेल्यावर आई खोल्याखोल्यांतून ऐकत हिंडली. नळ ठिबकत होता. वर्तमानपत्र कुरकुरत होतं. फ्रिजपाशी ती बराच वेळ उभी राहिली. "हा रोज असा कण्हतो? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

आईचे कान म्हातारपणाने गेले नव्हते. तिने सव्वीस वर्षं कापडाच्या कारखान्यात माग चालवले होते. धागा वाहून नेणारे शेकडो धोटे एकाच छपराखाली इकडून तिकडे आपटत असताना तिथे माणसाच्या आवाजाला काही किंमत नसते. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता बोलायच्या. तोंड मोठं करून, ओठ ताणून, पंचवीस फुटांवरच्या मैत्रिणीला घरच्या सगळ्या बातम्या सांगायच्या. हात मागावर आणि डोळे समोरच्या ओठांवर. कारखाना सुटला, कान गेले, पण ओठ वाचायची विद्या राहिली. समोर बसून बोलणाऱ्याचं निम्मं बोलणं आईला माझ्याशिवायही कळायचं.

आता माझ्या आयुष्यातली मोठी लबाडी सांगतो. ती माझी नव्हे, आईची.

घरात दोघीच. लेक पाणीखात्याच्या तक्रार खिडकीत बसते. दिवसभर काचेच्या भोकातून लोकांशी ओरडून बोलायचं आणि त्यांचं ओरडणं ऐकायचं. संध्याकाळी ती चिडचिडी होऊन यायची. मग दोघींची जुंपायची. फार झालं की आई हात कानाकडे न्यायची आणि माझं झाकण उघडायची. झाकण उघडलं की मी बंद. तेवढ्यावर भांडण मिटायचं.

एकदा तिचं नख घसरलं. टक् असा आवाज झाला, पण झाकण उघडलं नाही. लेकीला वाटलं, झालं बंद. तिने पाठ फिरवली, कारण तोंड दिसलं तर आई ओठ वाचते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि भिंतीकडे बघत ती पुटपुटली, "स्वतः सकाळपासून काही खाल्लं नाही, आणि मला विचारतेय जेवलीस का."

आई तिच्या पाठीमागे उभी राहून हसली. तेव्हापासून तिने मला कधीच बंद केलं नाही. नुसतं नखाने टक् करायची आणि हात खाली घ्यायची. लेक पाठ वळवायची आणि मनातलं बोलायची. साहेबाला शिव्या द्यायची, गुणगुणायची, एकदा रडलीसुद्धा. "कंबर मोडली त्या खुर्चीत," असं एकदा पुटपुटली, तर दुसऱ्या दिवशी तिच्या पिशवीत एक उशी निघाली. "तुला कसं कळलं?" लेकीने विचारलं. "चालतेस कशी ते दिसत नाही का मला?" आई म्हणाली.

मला ही लबाडी आवडायची. तिच्यामुळे आपण मोठं काम करतोय असं वाटायचं.

पण वर्षं गेली तसे माझे दिवस फिरले. पूर्वी रोज रात्री मऊ फडक्याने पुसून मला डबीत ठेवलं जायचं. मग कधी उशाशी, कधी नुसतं टेबलावर. नळीत मळ साचू लागला. आई वाळली, तिचा कान सैल झाला आणि साचा नीट बसेना. साचा हलला की माझाच आवाज फिरून माझ्यात येतो आणि मी शिट्टी वाजवतो. "आई, शिट्टी वाजतेय, नीट बसव," असं लेक दिवसातून दहादा म्हणायची. मशीनवाला म्हणाला होता, "साचा नवा करा, नळी बदला. तासाभराचं काम आहे." पुढच्या आठवड्यात, असं दोघींनीही बरेच आठवडे म्हटलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आई पिशवी भरत होती. कारखान्यातल्या दोन मैत्रिणींबरोबर ती शनिवार-रविवार एका मोठ्या बंदराच्या शहरात जाणार होती. तिघींनी ते तरुणपणापासून ठरवलेलं होतं. लेक कामावरून आली. त्या आठवड्यात कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली होती आणि अर्ध्या गावाला पाणी नव्हतं. तिचा आवाज बसला होता.

"बस कितीची आहे गं?" आईने विचारलं.

"सातची."

"किती?"

"सातची, आई."

"आठची?"

"सात! सात! सात वाजता!"

"ओरडतेस कशाला? बहिरी आहे मी, वेडी नाही."

आईचा हात वर आला. टक्. लेक वळली, तिने नळ सोडला आणि भांडी घासता घासता भिंतीला सांगितलं, "दिवसभर तिथे ओरडायचं, घरी येऊन इथे ओरडायचं. जा एकदाची. दोन दिवस तरी कानांना आराम."

मित्रांनो, माझी नळी त्या दिवशी निम्मी बुजलेली होती. बसची वेळ तीनदा सांगूनही मी ती पोचवू शकलो नव्हतो. हे मात्र नळाच्या धारेतूनही पहिल्याच वेळी स्वच्छ पोचलं.

आईने हातातली साडी पिशवीत ठेवली. तिने पिशवीची चेन लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाली, "मी पडते गं. सकाळी लवकर उठायचंय." लेकीने मागे न बघता साबणाचा हात वर केला.

शनिवारी सकाळी आई निघाली तेव्हा आतल्या खोलीतून लेकीचा झोपाळलेला आवाज आला. "सांभाळून जा." आई "हो" म्हणाली. पण ते इतकं हळू, की तेवढ्या अंतरावर ते माझ्यासारख्या मशीनशिवाय कुणाला ऐकू आलं नसतं.

ते शहर मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी ते ऐकलं. माल उचलणाऱ्या यारीच्या साखळ्यांचा खळखळाट, लोखंडी पेट्या ट्रकवर टेकल्याचा धप्प आवाज, मासळीच्या लिलावातली बोली, दोरखंडांची करकर, चार-पाच भाषांतली भांडणं. आणि या सगळ्यावर मिनिटा-मिनिटाला जहाजांचे भोंगे. मी थकून गेलो. पण त्या तिघींना काहीच अडचण नव्हती. ज्या गर्दीत बाकीचे लोक एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होते, तिथे या तिघी रस्त्याच्या दोन बाजूंनी चालत निवांत गप्पा मारत होत्या.

आईच्या मैत्रिणींची नावं कारखान्यातलीच होती. एक मुकादमीण, कारण ती सगळ्या रांगेवर देखरेख करायची. दुसरी बुटकी, कारण मागापर्यंत हात पोचायला ती पायाखाली फळी घ्यायची. आणि आईचं नाव भोंगा.

"भोंग्या, ऐक, तुझा भाऊ हाका मारतोय," एक मोठं जहाज ओरडलं तेव्हा मुकादमीण म्हणाली.

"धाकटा दिसतोय. आवाज लहान आहे," बुटकी म्हणाली.

आई हसली. पण नऊ वर्षं तिच्या कानामागे काढलेल्या मला ते हसू अर्धवट वाटलं. दुकानात चपला बघताना, उकळता चहा पिताना, ती सारखी पिशवीतून फोन काढत होती आणि परत ठेवत होती. लेकीला मुक्कामाला पोचल्याचा फोन करायचा होता. केला नाही.

दुपारी लेकीचाच आला. आईने फोन माझ्याजवळ धरला.

"पोचलीस? फोन का नाही केलास?"

"राहून गेलं."

"गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"जेवणानंतरचीही?"

"तीही घेतली. तू जेवलीस का?"

"हो." मग लेक थांबली. फोनच्या पलीकडे घर इतकं शांत होतं की मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने तो आत घेतला, जसा माणूस बोलण्याआधी घेतो. आईही थांबली. "बरं," लेक म्हणाली. "ठेवते."

संध्याकाळी तिघी बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणाऱ्या बोटीत बसल्या. बुटकी खाली बसली. मुकादमीण बोटीच्या एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला कठड्याशी उभी होती. इंजिन आणि वारा, याखेरीज मला काही ऐकू येत नव्हतं. पण बोलताना माणसाचा जबडा हलतो, आणि जबडा हलला की कानातला साचा हलतो. त्या फेरीत साचा सारखा हलत होता. आई मुकादमिणीला काहीतरी सांगत होती, आवाज न काढता, बराच वेळ. काय ते मला कळलं नाही. शब्द मोठे करणं माझं काम, पण तिथे आवाजच नव्हता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास आई धक्क्यावरच्या बाकावर बसली होती. मैत्रिणी पुन्हा एकदा बोटीची तिकिटं काढायला खिडकीपाशी गेल्या होत्या. आई तिथूनच त्यांना काहीतरी सांगत होती. साचा हलत होता. मग तो हलायचा थांबला. आईचं डोकं कलंडलं, साचा कानातून निसटला आणि मी शिट्टी वाजवू लागलो.

मैत्रिणींना ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांचे कानही त्याच कारखान्यात गेलेले. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा सगळा आवाज मी त्या शिट्टीत घातला. धक्का झाडणारी एक बाई थांबली, इकडेतिकडे बघू लागली, आणि आवाजाच्या रोखाने बाकापाशी आली. "आजी," ती म्हणाली. "अहो आजी." मग तिचा झाडू खाली पडल्याचा आवाज आला.

लोक धावले. गाडी आली. दवाखान्यात कुणीतरी हळू आवाजात एक वेळ सांगितली आणि दुसऱ्या कुणीतरी ती लिहून घेतली. मला, चष्म्याला आणि घड्याळाला एका खाकी पाकिटात घातलं. दुपारी लेक तिथे पोचली आणि ते पाकीट तिच्या हातात आलं.

माझं झाकण कुणी उघडलं नव्हतं. शुक्रवारची बॅटरी अजून जिवंत होती. त्यामुळे पाकिटातूनही मी ऐकत होतो. घरी माणसं आली, गेली. लेक सगळ्यांशी नीट बोलली. पण कुणी नसलं की ती एकच गोष्ट पुटपुटायची. "बंद होतं. टक् वाजलं होतं. मी ऐकलं." पुन्हा थोड्या वेळाने, "बंदच होतं." परीक्षेहून आलेलं मूल आपलं उत्तर जसं सारखं पडताळून बघतं, तशी.

बुधवारी मुकादमीण आली. सहलीच्या मुक्कामावर राहिलेली आईची पिशवी घेऊन आली होती. लेकीने ती घेतली आणि टेबलावरचं खाकी पाकीट सरकवून जागा केली. पाकिटात माझ्यावर चष्म्याची काच सरकली. झाकल्यासारखं झालं की मला आवरत नाही. मी बारीक शिट्टी वाजवली.

लेक जागच्या जागी थांबली.

"काय गं?" मुकादमिणीने विचारलं. तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"मावशी, आईचं मशीन वाजतंय." लेक तिच्यासमोर तोंड करून, शब्द तोडून बोलत होती. "पण ते तर बंद असायचं. ती बंद करून ठेवायची."

"ती? बंद?" मुकादमीण हसली. "अगं, कुठलं बंद! नुसतं नखाने टक् करायची. बोटीत मला सांगितलं तिने. म्हणे, पोरगी तोंडावर काही सांगत नाही, पाठ फिरवली की सगळं सांगते. अशी इरसाल बाई!"

लेक हसली नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "शुक्रवारचं काही म्हणाली का?"

मुकादमीण हसायची थांबली. "म्हणाली."

"काय?"

"तू म्हणालीस तेच. जसंच्या तसं."

"आणि?"

"आणि म्हणाली, कारखान्यातली पाळी सुटल्यावर आपण तासभर कुणाशी बोलायचो का, आठवतं? घरी पोरं आई-आई करायची आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसायचो. तसंच झालंय तिचं. त्या काचेमागे माग नाहीत, पण काम तेच."

"तिला वाईट वाटलं का?"

"आता खोटं कशाला बोलू तुझ्याशी, पोरी? वाटलं. डोळ्यांत पाणी होतं. तिथे वाराही होता, पण वाऱ्याचं पाणी मला कळतं."

 मुकादमीण थोडा वेळ बसली. जाताना दारातून म्हणाली, "घसा सांभाळ. बोलताना दुखतोय, दिसतंय मला."

मित्रांनो, माझी गोष्ट जवळजवळ संपली. तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याला रोज कोरड्या फडक्याने पुसा. पाण्यापासून आणि घामापासून जपा. नळी बुजली तर ती लगेच बदला, साचा सैल झाला तर नवा करून घ्या. तासाभराचं काम असतं. तो ज्याच्या कानामागे बसतो, त्या माणसाच्या समोर बसून बोला. त्याला आपलं तोंड दिसू द्या. आणि सांगायचं असेल ते त्याच दिवशी सांगा. मी कितीही चांगला असलो, तरी जे बोललंच गेलं नाही ते मला मोठं करता येत नाही.

मुकादमीण गेल्यावर लेकीने मला पाकिटातून काढलं. बॅटरी संपत आली होती. मी दोनदा बारीक टुकटुक करून तसं सांगितलंही, पण ती इशाऱ्याची खूण फक्त मी ज्याच्या कानामागे असतो त्यालाच कळते. तिने मला टेबलावर ठेवलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. मला तिचा श्वास ऐकू आला. शनिवारी फोनवर घेतला होता तसाच, बोलण्याआधीचा.

"आई," ती म्हणाली. मग घसा साफ करून, तक्रार खिडकीच्या काचेपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आईशी बोलायची त्या आवाजात, "आई, जा एकदाची म्हणाले मी. तू ऐकलंस. त्या वेळी मला खरंच तसं वाटलं होतं, ते नाही म्हणून कसं सांगू? शनिवारी तू गेल्यावर मी खिडक्या लावून झोपले. दोन तास झोपले असेन. मग उठले आणि घरात मला काय करावं ते सुचेना. तुला फोन केला आणि गोळीचं विचारत बसले. मला गोळीचं विचारायचं नव्हतं, आई. मला म्हणायचं होतं, उद्यापर्यंत कशाला थांबतेस, आजच नीघ. लवकर ये. मला तेवढंच म्हणायचं होतं. लवकर ये."